जर्मनीचा ‘वाघ’ आणि आपले वाघ

२७ फेब्रुवारी १९०४ रोजी जर्मनीत एक ‘वाघ’ मारला गेला. पूर्वेकडच्या लाउझित्स भागात होयर्सवेर्डा नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या जंगलात एक जनावर बरेच दिवस धुमाकूळ घालत होते. ते कोणाला धड दिसत नव्हते आणि सापळ्यातही सापडत नव्हते. कुठल्या तरी फिरत्या प्राणिखेळातून वाघ सुटला आहे, अशी आवई उठली आणि जवळच्या खेड्यावरून जनावराचे नावच पडले, ‘साब्रोटचा वाघ’. बक्षीस लागले, माग काढला गेला, गोळी झाडली गेली. जवळ जाऊन पाहतात तर तो लांडगा. त्या भागातला तो शेवटचा. पेंढा भरलेला हा ‘वाघ’ होयर्सवेर्डाच्या संग्रहालयात ठेवलेला आहे.

खरा रानटी वाघ जर्मनीत नाही. तरीही जगातले वाघ वाचवण्याच्या कामात या देशाचे नाव पुन्हा पुन्हा येते. भारतातल्या राखीव जंगलांची व्यवस्था बसवली ती जर्मन वनाधिकाऱ्यांनी. आज आशियातल्या व्याघ्र अधिवासांसाठी पैसा येतो त्यात जर्मन करदात्याचा वाटा आहे. आणि गेली पंचवीस वर्षे लांडगा, लिंक्स, अस्वल अशा मांसाहारी प्राण्यांसोबत राहण्याची परीक्षा हा देश स्वतःच देत आहे. ताडोबा-मेळघाटाच्या महाराष्ट्राने ती उत्तरपत्रिका एकदा तपासून पाहायला हवी.

काठीवरच्या खाचा

डीट्रिख ब्रँडिस १८२४ मध्ये बॉन शहरात जन्मले. शिक्षणाने ते वनस्पतिशास्त्रज्ञ. १८५६ मध्ये लॉर्ड डलहौसीने त्यांना ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवानाची देखरेख सोपवली. जहाजांसाठी, आणि पुढे रेल्वेच्या रुळांखालच्या स्लीपरांसाठी, इंग्रजांना लाकूड हवे होते आणि ठेकेदार जंगल ओरबाडत होते. जंगलात नेमकी किती झाडे आहेत, याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. ब्रँडिस हत्तीवर बसून जंगल पालथे घालत. एका हातात काठ्या, दुसऱ्या हातात चाकू. वाटेच्या दुतर्फा ठरावीक अंतरात सागाचे झाड दिसले की त्याच्या आकारमानानुसार त्या त्या काठीवर एक खाच. संध्याकाळी खाचा मोजायच्या आणि किती झाडे तोडायची, किती राखायची हे ठरवायचे. जंगलाची वाढ जेवढी, तोड तेवढीच, हा विचार जर्मनीत जुना होता. सॅक्सनीतल्या हान्स कार्ल फोन कार्लोवित्स यांनी तो १७१३ मध्येच ग्रंथात मांडला होता.

१८६४ मध्ये ब्रँडिस भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले. त्यांच्यानंतर विल्हेल्म श्लिख आणि बेर्टोल्ड रिबेनट्रॉप आले, तेही जर्मनच. म्हणजे पहिली छत्तीस वर्षे भारतातल्या जंगलखात्याची सूत्रे जर्मन हातांत होती. १८६५ आणि १८७८ चे वन कायदे, १८७८ मधली डेहराडूनची वनशाळा, आजही वनरक्षकाच्या बोलण्यात असलेला ‘कक्ष क्रमांक’, दर काही वर्षांनी तयार होणारी ‘कार्य आयोजना’, या साऱ्यांचे मूळ त्या काळात आहे. सातपुड्यातले बोरीचे जंगल १८६५ मध्ये राखीव झाले. आज ते सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

यात दोन गोष्टी विसरून चालत नाहीत. पहिली म्हणजे, हे राखीव जंगल वाघासाठी नव्हते, सागासाठी होते. त्याच काळात सरकार वाघ मारणाऱ्याला इनाम देत होते. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८० हजारांहून अधिक वाघ मारले गेले, असा महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. दुसरी गोष्ट, जंगलाभोवती रेषा आखली तेव्हा कोरकू, गोंड, माडिया ही माणसे त्या रेषेच्या आतच राहत होती. मोह, तेंदू, बांबू, चराई हे त्यांचे हक्क १८७८ च्या कायद्याने ‘सवलती’ झाले. सवलत काढून घेता येते. जंगलखाते आणि गाव यांच्यातल्या अविश्वासाची सुरुवात इथे झाली आणि त्याची किंमत पुढे वाघालाही मोजावी लागली.

१ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. सागासाठी आखलेली रेषा वाघासाठी आयती मिळाली. नंतर तिचे दोन भाग झाले. आतले गाभा क्षेत्र माणसाच्या वापरापासून मोकळे, बाहेरचे बफर क्षेत्र गाव आणि वन्यजीव दोघांचे. यामागचे गणित सरळ आहे. पिल्ले वाढवणाऱ्या किमान वीस वाघिणी एका सलग जंगलात असाव्यात, तरच तिथली वाघांची संख्या स्वतःच्या बळावर टिकते. त्यासाठी ८०० ते १,००० चौरस किलोमीटर निर्धोक जंगल लागते. एका वाघाला वर्षाला पन्नासच्या आसपास चितळ, सांबर, रानडुकरे लागतात, म्हणजे तेवढी पैदास होईल इतके गवत आणि पाणीही लागते.

युरोचा वाघ

नोव्हेंबर २०१० मध्ये सेंट पीटर्सबर्गला वाघ असलेल्या १३ देशांची परिषद झाली. तेव्हा जगात सुमारे ३,२०० रानटी वाघ उरले होते, आणि २०२२ पर्यंत ते दुप्पट करायचे ठरले. २०१४ मध्ये जर्मन सरकारने केएफडब्ल्यू या आपल्या विकास बँकेमार्फत सुरुवातीला २ कोटी युरो दिले आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ म्हणजे आययूसीएनने त्यातून व्याघ्र अधिवास कार्यक्रम सुरू केला. भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार, इंडोनेशिया इथल्या प्रकल्पांना त्यातून मदत मिळाली. या कार्यक्रमाची मांडणी तीन पायांवर आहे. वाघांचे रक्षण, अधिवासाची देखभाल आणि जंगलाकाठच्या लोकांची उपजीविका. तिसरा पाय ब्रँडिसच्या काळात नव्हता.

लायप्झिगच्या प्राणिसंग्रहालयाचे काम वेगळे. जगभरातल्या प्राणिसंग्रहालयांतील वाघांची वंशावळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय पैदास नोंदवही, तिथे अनेक दशकांपासून सांभाळली जाते. कोणता नर, कोणती मादी, त्यांचे आईबाप कोण, हे नोंदले नाही तर बंदिस्त वाघांत जवळच्या नात्यातली पैदास होऊन वंश खराब होतो. पण पिंजऱ्यातला वाघ हा रानातल्या वाघाला पर्याय होत नाही. पिल्लू शिकार शिकते आईच्या मागे दीड-दोन वर्षे हिंडून, आणि माणसापासून दूर राहायलाही ते तिथेच शिकते. म्हणून जंगलच टिकवावे लागते.

तोफांच्या सोबतीने लांडगा

आता जर्मनीच्या स्वतःच्या परीक्षेकडे वळू. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले आणि देशभर लांडग्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. पोलंडच्या बाजूने लांडगे येऊ लागले. २००० मध्ये लाउझित्समध्येच, ‘साब्रोटचा वाघ’ पडला होता त्याच प्रदेशात, जंगली लांडगिणीला पिल्ले झाल्याची नोंद झाली. जागा होती सैन्याच्या सरावाचे मैदान. रणगाडे धावतात, तोफा डागल्या जातात, आणि त्याच माळावर लांडग्यांचे कुटुंब वाढते. २०२३-२४ च्या गणनेत जर्मनीत लांडग्यांचे २०९ कळप नोंदले गेले.

त्यातला खरा धडा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. नव्या राज्यात शिरताना लांडग्यांनी पहिला मुक्काम बहुधा सैन्याच्या मैदानावर केला, निसर्ग राखीव क्षेत्रात नव्हे. आणि बेकायदा मारले जाण्याचे प्रमाणही सैन्याच्या जागेत कमी आढळले. असे का? जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीला जोडलेला असतो आणि तो भाड्याने दिला जातो. ‘निसर्ग राखीव’ अशी पाटी असलेल्या पुष्कळ जागांतही शिकारी बंदूक घेऊन फिरतो, आणि ज्या हरणावर त्याचा डोळा असतो त्याच हरणावर लांडग्याचाही. सैन्याच्या जागेत मात्र बाहेरच्याला मज्जाव आणि शिकारीचे नियंत्रण एकाच सरकारी वनसेवेकडे. पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा बंदूक कोणाच्या हातात आहे आणि त्याला जाब कोण विचारतो, यावर जनावराचा जीव ठरतो.

आपल्याकडे याची उलट बाजू दिसली होती. राजस्थानातल्या सरिस्काला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा, अंमलदार, चौक्या, सगळे होते. २००४-०५ मध्ये तिथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. सगळे चोरशिकारीत गेले होते. त्या धक्क्यानंतर वन्यजीव कायद्यात बदल होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण उभे राहिले, आणि पावलांच्या ठशांवरची मोजणी मागे पडून ट्रॅप कॅमेऱ्यांनी पट्टे टिपून मोजणी सुरू झाली.

एका अस्वलाची गोष्ट

२००६ च्या मे महिन्यात इटलीतून ऑस्ट्रियामार्गे एक तपकिरी अस्वल बव्हेरियात आले. १८३५ नंतर जर्मनीच्या रानात दिसलेले हे पहिले अस्वल. सुरुवातीला सरकारने स्वागत केले, वर्तमानपत्रांनी त्याचे नाव ब्रूनो ठेवले. ब्रूनोने मेंढ्या मारल्या, मधमाश्यांच्या पेट्या फोडल्या आणि तो वस्तीत फिरू लागला. बव्हेरियाच्या मुख्यमंत्र्यांनी त्याला ‘समस्या अस्वल’ ठरवले. फिनलंडहून शिकारी कुत्र्यांचे पथक आणूनही तो जिवंत सापडला नाही, आणि २६ जूनला त्याला गोळी घातली गेली. आता तो म्युनिकच्या संग्रहालयात पेंढा भरून उभा आहे. आठ कोटींच्या श्रीमंत, शिस्तीच्या देशाला एक अस्वल दोन महिनेसुद्धा पचवता आले नाही.

लिंक्सचे बरे चालले आहे, पण सोपे नाही. हे मांजरकुळातले, कानांवर काळ्या केसांचे झुपके असलेले जनावर. हार्त्स पर्वतातला शेवटचा लिंक्स १८१८ मध्ये मारला गेला. त्या ‘पराक्रमा’चा दगडी स्मृतिस्तंभ लाउटेनथालजवळ अजून आहे. २००० ते २००६ या काळात हार्त्स राष्ट्रीय उद्यानात २४ लिंक्स सोडले गेले आणि २००२ पासून त्यांना रानात पिल्ले होऊ लागली. २०१६ ते २०२० दरम्यान पॅलॅटिनेटच्या जंगलात स्लोव्हाकिया आणि स्वित्झर्लंडमधून आणलेले २० लिंक्स सोडले. पण हार्त्स किंवा बव्हेरियन वन या उद्यानांचे क्षेत्र प्रत्येकी अडीचशे चौरस किलोमीटरच्या घरात, आणि एका नर लिंक्सचा वावर पुष्कळदा त्याहून मोठ्या मुलखात. म्हणजे उद्यानाची हद्द ओलांडल्याशिवाय त्याला जगताच येत नाही. २०१५ मध्ये बव्हेरियन वनाच्या परिसरात लिंक्सचे तोडलेले पुढचे पाय मुद्दाम दिसतील असे टाकलेले सापडले. हद्दीबाहेरच्या काही लोकांनी दिलेला तो निरोप होता.

चालणारे जनावर

२००९ मध्ये लाउझित्समधल्या एका तरुण लांडग्याला रेडिओ कॉलर लावली. अॅलन त्याचे नाव. नद्या, महामार्ग, पोलंड असे सगळे ओलांडत तो बेलारूसमध्ये पोहोचला. १,५०० किलोमीटरहून अधिक प्रवास झाला. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून असाच एक तरुण वाघ निघाला. तेलंगण, मराठवाडा, विदर्भ अशी शेते आणि ओढे पार करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावेपर्यंत त्याने सुमारे ३,००० किलोमीटर चाल केली. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले. वयात आलेल्या नराला बापाच्या हद्दीत जागा नसते, त्याला बाहेर पडावेच लागते. वाट मिळाली तर त्याचे रक्त दुसऱ्या जंगलात पोहोचते. वाट तुटली तर राखीव जंगल बेट होते, आणि बेटावरचा वंश हळूहळू आतून कमजोर होतो.

जर्मनीने वाटेसाठी एक विलक्षण जागा वापरली आहे. पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधली तारांची आणि सुरुंगांची सीमापट्टी, लांबी सुमारे १,३९३ किलोमीटर. चाळीस वर्षे तिथे शेती नाही, बांधकाम नाही, त्यामुळे पक्षी, फुलपाखरे, रानमांजरे तिथे टिकून राहिली. बर्लिनची भिंत पडल्यावर महिनाभरातच, डिसेंबर १९८९ मध्ये निसर्गप्रेमींनी ही पट्टी ‘हरित पट्टा’ म्हणून राखण्याची मागणी केली. महामार्गांवर जनावरांसाठी झाडाझुडपांचे रुंद पूलही जर्मनीने बांधले आहेत.

या एका बाबतीत आपण मागे नाही. नागपूर–शिवनी महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. न्यायालयीन लढाईनंतर तिथे महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी जनावरांसाठी रस्ता खांबांवर उचलला गेला. त्यातला सर्वांत लांब मार्ग ७५० मीटरचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत त्याखालून जाणाऱ्या १८ जातींच्या जनावरांची नोंद झाली आणि त्यात वाघही होते. पूल बांधला की जनावर तो वापरते. प्रश्न फक्त रस्त्याच्या आराखड्यात त्याची जागा आणि खर्च आधी धरण्याचा असतो.

मेंढीची किंमत, माणसाची किंमत

लांडग्यामुळे जर्मनीत दरवर्षी काही हजार पाळीव जनावरे दगावतात किंवा जखमी होतात. त्यात बहुतेक मेंढ्या आणि शेळ्या. सॅक्सनी राज्याचा नियम असा की भरपाई हवी असेल तर मेंढपाळाने किमान कुंपण केलेले असले पाहिजे, उदाहरणार्थ ९० सेंटिमीटर उंचीची विजेच्या प्रवाहाची जाळी. मात्र त्या जाळीचा आणि राखणीच्या कुत्र्यांचा खर्च सरकार देते. नुकसान झाल्यावर अश्रू पुसण्याऐवजी नुकसान होऊ नये म्हणून पैसा आधी दिला जातो. जिथे जाळी नीट लावली आहे तिथे हल्ले कमी होतात, असाच तिथला अनुभव आहे.

तरी वातावरण तापलेलेच आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये लोअर सॅक्सनीत लांडग्याने एक पोनी मारले. डॉली नावाचे हे पोनी युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फोन डेअर लायन यांच्या घरचे होते. लांडगा त्यामुळेच राजकारणात आला असे नाही, पण चर्चा मात्र गाजली. डिसेंबर २०२४ मध्ये वन्यजीव संरक्षणाच्या बर्न कराराच्या देशांनी लांडग्याला ‘कठोर संरक्षित’ यादीतून ‘संरक्षित’ यादीत उतरवले आणि २०२५ मध्ये युरोपीय संघानेही आपला कायदा तसा बदलला. लक्षात घ्यायचे ते हे की २००० पासून जर्मनीत लांडग्याने माणूस मारल्याची एकही नोंद नाही.

आता चंद्रपूरकडे पाहा. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूचा हंगाम ऐन उन्हाळ्यातला. पहाटे निघायचे, वाकून पाने खुडायची, आणि त्याच वेळी वाघ पाण्याकाठच्या सावलीत बसलेला. खाली वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. जिल्ह्यात दरवर्षी अशा मृत्यूंचा आकडा दोन अंकी असतो. वारसांना राज्य सरकार २५ लाख रुपये देते. इतके सोसूनही या गावांनी वाघ संपवला नाही. २००६ मध्ये महाराष्ट्रात अंदाजे १०३ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४, आणि त्यातले कितीतरी प्रकल्पांच्या हद्दीबाहेर, ब्रह्मपुरीसारख्या साध्या वनविभागात, भाताच्या बांधांलगत राहतात.

एप्रिल २०२४ मध्ये बोट्सवानाचे तेव्हाचे अध्यक्ष मोकग्वीत्सी मासिसी यांनी जर्मनीला २० हजार हत्ती भेट देऊ केले होते. शिकारीतून मिळालेल्या अवशेषांच्या आयातीवर निर्बंध घालण्याचा जर्मनीचा विचार होता, त्यावरचा तो टोला. हत्तींसोबत राहून दाखवा, मग आम्हाला शिकवा, असा त्याचा मथितार्थ. सिंदेवाहीतल्या शेतकऱ्यालाही तो पटेल. पण टोला मारून प्रश्न सुटत नाही. जर्मनी आशियातल्या वाघांसाठी पैसे देतो ते चांगलेच आहे, ते त्याने अधिक द्यावेत. त्याबरोबर, वाघासोबत जगणारा माणूस काय सोसतो हे ब्रूनो आणि डॉलीच्या देशाला आता थोडे तरी कळत असावे.

आपण जर्मनीकडून घ्यायचे ते एकच. भरपाई मरणानंतर देण्यापेक्षा संरक्षण आधी द्यायचे. बफर क्षेत्रातल्या गावांसाठी महाराष्ट्रात २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. घरोघरी गॅस, सौर कुंपण, गावातली प्राथमिक बचाव पथके या गोष्टी सरपणासाठी जंगलात जाणारे पाऊल आणि वाघाचे पाऊल यांची गाठ पडू देत नाहीत. पण वाघ आता बफरच्याही बाहेर गेला आहे आणि योजना मागे राहिली आहे. ती ब्रह्मपुरी, गोंडपिपरी, वणी, पांढरकवडा इथल्या हद्दीबाहेरच्या गावांपर्यंत पोहोचली पाहिजे. तेंदूच्या हंगामाआधी वनरक्षकाने वाघाच्या हालचालीची खबर मजुरांना दिली पाहिजे. आणि विदर्भातून जाणाऱ्या प्रत्येक नव्या रस्त्याच्या, कालव्याच्या, खाणीच्या आराखड्यात जनावराची वाट कुठे आहे, हे ग्रामसभेत, विधानसभेत, वर्तमानपत्रात विचारले गेले पाहिजे. वाघांचा वाढलेला आकडा ऐकून टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न निदान एकदा तरी आपल्या लोकप्रतिनिधीला विचारावा.